चावी काढल्यावर

"दोन घोट तरी घे, आत्या."

आत्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. "ठेव तिथं. मांजर पिईल."

"मांजरासाठी नाही केली. घनसाळ तांदळाची पेज आहे, तूप-मीठ घालून. तुला आवडते तशी."

"आवडतीया की. म्हणून तर तिकडं बघत न्हाई."

पेजेवर साय धरायला लागली होती. खिडकीतून पौषातलं ऊन येऊन तिच्या पायांवर पडलं होतं. आत्या आजारी नव्हती. सकाळी डॉक्टर येऊन गेले होते. ताप नाही, छाती स्वच्छ, नाडी ठीक. जाताना अंगणात ते मला म्हणाले होते, "वयस्कर माणूस आहे. असंच उपाशी राहिल्या, तर मग वेगळं कारण लागणार नाही."

"डॉक्टर म्हणतात, तुला काही झालेलं नाही."

"बरं झालं की मग."

"मग अन्न का सोडलंस?"

ती भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाली, "गाडीनं नाव घेतलंय, नलू. तू मधी पडू नको."

आत्या म्हणजे अनसूया, माझ्या वडिलांची, अण्णांची, थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच विधवा होऊन आजऱ्याला माहेरी परतली ती कायमची. माझी आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. ही गोष्ट घडली तेव्हा मी कोल्हापूरला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होते. "आक्का जेवंना झालीया, तू ये," असा अण्णांचा फोन आला आणि मी हातातलं काम टाकून आले.

गाडी म्हणजे अण्णांची जुनी व्हॅन. टपावर भोंगा, मागची सीट काढून तिथं ॲम्प्लिफायर, आणि त्याच्या शेजारी अण्णांना पाठ टेकायला एक सतरंजी. गावात सभा असो, सर्कस येवो, पाणी बंद राहणार असो, अण्णा गाडी फिरवायचे. पण लोक त्यांना ओळखत ते वेगळ्या कामासाठी. कुणी गेलं की पहिला निरोप आमच्या दारात यायचा. थोड्याच वेळात गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबायची, अण्णा माइकवर नखानं दोनदा टुकटुक करायचे, आणि मग त्यांचा संथ, जड आवाज: "कळविण्यास अत्यंत दुःख होते की..." ती टुकटुक ऐकली की बायका चुलीवरचं दूध उतरवून दारात यायच्या. नाव कुणाचं येतंय, याकडं कान लावून उभ्या राहायच्या.

त्या कामात चूक चालत नाही. अमक्याचे वडील, तमक्याचे चुलते, कुणाचे सासरे, हा क्रम चुकला, एखादा जावई राहून गेला, तर तिरडीपाशीच भांडण होतं. अण्णांचा क्रम कधी चुकला नाही. "विष्णू तारळेकर नाव घेतो तसं घेतलं पाहिजे, तर मरण्यात मजा आहे," असं लोक म्हणायचे. आणि एस. टी. स्टँडसमोर फळांची गाडी लावणारे हुसेन बागवान, अण्णांचे शाळेपासूनचे दोस्त, दर वेळी विचारायचे, "सगळ्या गावाची वर्दी तू देतोस. तुझी कोण देणार रं?"

"तू दे की. केळी विकतोस तसं ओरड."

"डझनाचा भाव पण सांगतो मग."

अण्णांची अडचण एकच होती. ॲम्प्लिफायरचं बटण बंद करायचं ते विसरायचे. फेरी संपली की आवाजाची खुंटी खाली आणायचे आणि चहाला जायचे. बॅटरी उतरायची. एकदा तर मयताच्या घरासमोरच गाडी बंद पडली आणि खांदेकऱ्यांना आधी तिला ढकलावं लागलं. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत मी ठरवलं, की चावीवर चालणारी वीज जोडून द्यायची. चावी फिरवली की ॲम्प्लिफायरला वीज मिळेल. चावी काढली की सगळं बंद. बटण लक्षात ठेवायला नको.

काम अवघड नव्हतं. बॅटरीपासून फ्यूज लावून जाड वायर आणायची, मध्ये रिले बसवायचा. रिले म्हणजे विजेनं दाबलं जाणारं बटण. ते दाबायला एक बारीक वायर हवी, अशी की जिच्यात चावी फिरवल्यावरच वीज येते. ती शोधायला मी डॅशबोर्डखाली उताणी झोपले. पाय दाराबाहेर, तोंडावर वायरींचं जंजाळ. एका छोट्या बल्बचा चिमटा पत्र्याला लावला आणि दुसरं टोक एकेका वायरीला टेकवत गेले. एक पिवळी वायर सापडली. चावी फिरवली, बल्ब लागला. चावी काढली, विझला. पुनःपुन्हा करून बघितलं. तीच घेतली. रिले दाबला जाताना 'टक्' असा छोटा, स्वच्छ आवाज आला.

"झालं?" अण्णांनी विचारलं होतं. भोंग्याखाली आयुष्य गेल्यानं त्यांना जरा कमी ऐकू यायचं, म्हणून मी मोठ्यानं सांगितलं, "झालं. चावी काढली की सगळं मेलं, असं समजा."

हे वाक्य त्यांना फार आवडलं. जो भेटेल त्याला ते ऐकवायचे.

*

आत्या बोलेना, म्हणून मी स्टँडवर हुसेनभाईंकडं गेले. त्यांनी मला बसायला खोकं दिलं, एक केळं सोलून हातात ठेवलं आणि आजूबाजूला बघून घेतलं.

"विष्णूला यातलं काय बोलू नको. त्याच्या तोंडावर कोण बोलत न्हाई. कळलं तर खचंल."

"काय कळलं तर?"

"दिवाळी झाली, त्यानंतरची गोष्ट. दुपारचं गिऱ्हाईक नव्हतं. तुमची गाडी हितंच, त्या भिंतीला. दारं बंद, काचा बंद. विष्णू कुठं दिसत नव्हता. मी आपलं केळी झाकत होतो. आन् वरनं, भोंग्यातनं, आवाज आला."

"कसला?"

"आधी घुंऽऽ असा. माशी डब्यात अडकल्यागत. मग कुजबुज. नाव घेतलं. म्हादू सुताराचं. पूर्ण नाव, बापाचं नाव, पोरांची नावं. म्हादू तवा जित्ता होता की गं! त्याच आठवड्यात गेला."

मी केळं हातात धरून बसले.

"मग पाटलांची म्हातारी. ते कोपऱ्यावरच्या शिंप्यानं ऐकलं. मग शाळेतला शिपाई. आजारी तर तिघं बी हुती, पण जे नाव घेती, ते जातंय."

"बटण चालू राहिलं असेल. रेडिओची लहर कधीकधी..."

"बटण!" हुसेनभाई हसले, पण त्यात हसू नव्हतं. "अगं, बटण उघडं राहिलं म्हणायची सोय तू ठेवलीयास कुठं? चावी काढली की सगळं मेलं. तुझा बाप सगळ्यांना सांगत फिरतोय. तू शिकलेली, कॉलेजात शिकवणारी. तू जोडलंय म्हटल्यावर चूक न्हाई. मग चूक नसंल, तर दुसरं काय हाय ते?"

गाडी उभी असायची त्या भिंतीकडं मी बघितलं.

"मी गेलो होतो बघायला," ते हळू आवाजात म्हणाले. "पुढचं दार उघडलं. उघडल्या उघडल्या गप्प. एकदम. जसं कोणी तोंडावर हात ठेवला. शिंप्यानं उघडलं, तवा बी तसंच. माणसाची चाहूल लागली की गाडी मुकी हुती. दार लावून लांब जावा, थोड्या वेळानं परत घुंऽऽ."

"आत कोणी नव्हतं?"

"पुढं कोण नव्हतं. मागं वाकून बघायचं धाडस कुणाचं?"

संध्याकाळी अण्णा आले. ते वाळले होते. शर्ट खांद्यावरून उतरल्यासारखा दिसत होता. जेवताना भाकरी अर्धी ठेवून उठले. "बेळगावला गेलो हुतो गेल्या आठवड्यात," ते म्हणाले, "भोंग्याचं युनिट आणायला. तिथं काय बाय खाल्लं, त्यानं पोट बिघडलंय." मग आत्याच्या खोलीकडं बघून म्हणाले, "काय म्हणती?"

"गाडीनं नाव घेतलं म्हणते."

"म्हाताऱ्या माणसाला काय बी ऐकू येतंय." आणि हात धुवायला गेले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, "अण्णा, बॅटरी कशी चालतेय?"

"उतरतीया की गं. तू जोडून दिलंस तरी उतरतीया. रात्री मी बॅटरीचं टोकच काढून ठेवतो."

मला कारण मिळालं. फणसाखाली गाडी उभी होती. मी दार उघडलं, पूर्वीसारखीच उताणी झाले, पाय बाहेर. अण्णा दाराला टेकून उभे. चिमटा पत्र्याला, टोक पिवळ्या वायरीला. चावी फिरवली. टक्. बल्ब लागला. चावी काढली. टक्. विझला. मी टोक तसंच टेकवून धरलं. हात अवघडेपर्यंत धरलं. बल्ब काळाच राहिला. वायर हलवून बघितली, फ्यूज काढून घातला. सगळं जसं हवं तसं होतं.

"तूच जोडलंयस न्हवं? मग?" अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता.

मी टपावर चढून भोंगाही बघितला. भोंग्याला आवाज देणारा मागचा भाग, ते युनिट, जुनंच होतं. स्क्रू गंजलेले, आणि मागच्या खोबणीत गांधीलमाशीनं मातीचं घर केलेलं. ते घर जुनं होतं. बेळगावहून आणलेलं युनिट कुठं आहे, हे विचारायचं माझ्या मनात आलं. पण तेवढ्यात अण्णा निघाले.

"कृष्णा गुरवाकडं जाऊन येतो. लई आजारी हाय म्हणतात."

"आजारी माणसाकडं तुम्ही गेलात की घाबरेल तो."

"सगळ्यांकडं जातो मी," ते म्हणाले. "जावं लागतं. नातवंडांची चौकशी करतो, जावई कुठं असतात विचारतो. माणूस गेल्यावर घरच्यांना विचारलं तर रडं येतं, क्रम चुकतो. आधी ठाऊक असलेलं बरं."

हा त्यांचा क्रम न चुकण्यामागचा नेम मला पहिल्यांदाच कळत होता. मी तिथंच विचार करायला हवा होता. पण माझं लक्ष त्या विझलेल्या बल्बात अडकलं होतं. ते गेले. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून राहिले.

वारा सुटला. हिरण्यकेशी नदीकडून येणारा तो पौषातला कोरडा, गार वारा. फणसाची वाळकी पानं आणि धूळ आत यायला लागली, म्हणून मी दार ओढून घेतलं. काच वर केली. आतली हवा उन्हानं ऊबदार झाली होती. बाहेरचा आवाज एकदम थांबला. चावी माझ्या मुठीत होती. म्हादू सुतार, पाटलांची म्हातारी, शाळेतला शिपाई. तिघंही आजारी होते, हे मी मनात जुळवत होते. गाडीला कसं कळलं असेल?

टक्.

मी हलले नाही. आवाज माझ्या गुडघ्याच्या पुढून, डॅशबोर्डखालून आला होता. तो आवाज मी ओळखत होते. माझ्याच हातानं बसवलेला रिले होता तो. मूठ उघडून बघितली. चावी तिथंच होती.

पाठीमागं, ॲम्प्लिफायरच्या बाजूला, कोणीतरी श्वास आत घेतल्यासारखी बारीक फुसफुस सुरू झाली. आणि टपावर, पत्र्याच्या पलीकडं, घुंऽऽ.

मला भूत दिसलं नव्हतं. पण जे होऊच शकत नाही असं मी गावाला सांगितलं होतं, ते माझ्या गुडघ्याशी होत होतं. मी दाराची कडी ओढली. दार फटीएवढं उघडताच, टक्. सगळं गप्प.

मी दार पुन्हा लावलं आणि वाट बघितली. घाई केली नाही. काही वेळानं, टक्. उघडलं, गप्प. लावलं. टक्.

मग मी टॉर्च घेऊन त्या पिवळ्या वायरीच्या मागं गेले. ती चावीपासून थेट येतच नव्हती. जुन्या मालकानं कधीतरी चोर-अलार्म बसवला होता. त्याचा भोंगा आणि लुकलुकणारा दिवा काढून टाकलेला, पण काळी डबी तशीच आत राहिली होती, वायरींच्या गठ्ठ्यात लपलेली. पिवळी वायर त्या डबीतून येत होती. चावी फिरवली की डबी वीज सोडायची. चावी काढून दार उघडं असलं की बंद. पण चावी काढून सगळी दारं लावली, की डबीला वाटायचं, मालक गेला. आता पहारा द्यायचा. थोडं थांबून ती जागी व्हायची आणि वीज पुन्हा सोडायची. कुणी दार उघडलं की झोपायची. काढून टाकलेल्या दिव्यासाठी ती बिचारी पहारा देत होती, आणि त्या दिव्याच्या जागी मी रिले जोडला होता.

मी दर वेळी तपासलं ते दार उघडं ठेवून. डॅशबोर्डखाली झोपायचं तर पाय बाहेर काढावेच लागतात. बंद गाडी उघडून बघणाऱ्या प्रत्येकानंही तेच केलं. ती बोलतेय का हे बघायला जो जाईल, तो दार उघडून तिला गप्प करणार.

मला इतकं हायसं वाटलं, की मी बंद गाडीत मोठ्यानं हसले. ते हसू टपावरून अंगणभर पडलं आणि फणसावरचे कावळे उडाले. मागं सतरंजीवर माइक पडला होता. खुंटी खाली होती, तरी आवाज बाहेर पोचला.

आणि तिथं माझं हसू थांबलं. वीज कुठून येते ते कळलं होतं. पण वीज नावं घेत नाही. भोंग्यातून माणसाचा आवाज यायला आत माणूस लागतो.

*

"आत्या, उठ. गाडीत काही नाही. वायरचा दोष आहे." मी तिला सगळं सांगितलं. डबी, पहारा, दार. ती छताकडं बघत ऐकत होती.

"म्हंजे गाडी बोलत न्हाई."

"नाही."

"मग कोण बोलतंय?"

"आत बसलेलं माणूस. तुझं नाव ज्यानं घेतलं त्याला..."

"माझं?" तिनं मान वळवली. किती दिवसांनी तिनं माझ्याकडं नीट बघितलं असेल. "माझं नाव कोण घेतंय, नलू? माझं नाव घेतलं असतं तर मी चार घास जास्तच खाल्लं असतं. माझं वय झालंय."

"मग कुणाचं घेतलं?"

तिनं माझं मनगट धरलं. तिच्या बोटांत अजून इतका जोर असेल, असं मला वाटलं नव्हतं.

"परसात वाळवण काढत हुते. गाडी फणसाखाली. भोंग्यातनं आवाज आला. आजरा येथील ज्येष्ठ ध्वनिक्षेपक व्यावसायिक विष्णू गणपती तारळेकर यांचे... आन् थांबला. मग परत पहिल्यापास्नं. विष्णू गणपती तारळेकर." तिनं डोळे मिटले. "लहानपणी ह्या कडेवर फिरवलाय मी त्याला. रवळनाथाला सांगितलं, एक तारळेकर न्यायचाच असंल तर मी हाय. मी अन्न सोडते, तू त्याला सोड. म्हणून म्हणते, मधी पडू नको."

मी तिच्या खाटेच्या कडेवर बसले. बेळगावची फेरी, न बदललेलं युनिट, अर्धी भाकरी, खांद्यावरून उतरलेला शर्ट. गांधीलमाशीचं ते जुनं घर.

बाहेर फाटकाची कडी वाजली. अण्णा आले होते. खिडकीतून मला ते दिसले. कुशीवर हात दाबून ते फणसाखाली थोडे थांबले, मग व्हॅनचं मागचं दार उघडून आत गेले. रोज दुपारी तिथंच पडायचे ते. थंडीत गाडी उन्हानं तापते, अंगाला बरं वाटतं, असं म्हणायचे. दार लागलं.

"ऐक," आत्या म्हणाली.

मी पकड घेऊन बाहेर गेले. ती पिवळी वायर तोडायची, एवढंच ठरवून निघाले होते. पण गाडीपाशी पोचले आणि थांबले. तोडायची तर दार उघडायला हवं होतं.

मी काचेपासून दूर, फणसाच्या बुंध्याला टेकून उभी राहिले. पानं हलत होती. शेजारच्या परड्यात कोंबडी माती उकरत होती. मग आत, अगदी हलकेच, टक्. टपावर घुंऽऽ.

टुकटुक. नख माइकवर. त्यांना वाटत होतं, माइक मेलेला आहे. मीच सांगितलं होतं तसं.

आधी कृष्णा गुरवाचं झालं. मुलगे, सुना, मुंबईचा जावई, पुतणे. एकदा पुतण्यांचा क्रम चुकला, तो त्यांनी दुरुस्त केला. मग थोडा वेळ नुसता श्वास. मग तोच आवाज, जो मी जन्मापासून गल्लीगल्लीतून ऐकला होता, पण आता कुजबुजीएवढा:

"कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आजरा येथील ज्येष्ठ ध्वनिक्षेपक व्यावसायिक विष्णू गणपती तारळेकर यांचे अल्पशा आजाराने निधन झाले आहे. ते अनसूयाबाई यांचे बंधू, आणि कुमारी नलिनी..."

थांबले.

"कुमारी नको. पोरीचं केस पांढरं व्हायला लागलंय, लोक हसतील." घसा खाकरला. "प्राध्यापिका नलिनी तारळेकर यांचे वडील. न्हाई. प्राध्यापिका म्हटलं की परक्यागत वाटतंय." पुन्हा पहिल्यापासून. निधन, बंधू, आणि: "नलिनी विष्णू तारळेकर, एम. एस्सी., यांचे..." पुन्हा थांबले. मग कितीतरी वेळ भोंगा नुसता गुणगुणत राहिला.

"नलूचे वडील," ते म्हणाले. "बास. गावाला कळतंय."

माझ्या हातात पकड होती. चार पावलांवर दार. उघडलं असतं तर मी त्यांना विचारू शकले असते, बेळगावला डॉक्टरांनी काय सांगितलं, किती दिवस झाले, मला का सांगितलं नाही. पण उघडल्या क्षणी तो आवाज बंद झाला असता, आणि ते डोळे मिटून झोपल्याचं सोंग घेऊन पडले असते. हुसेनभाई आले तेव्हा ते मागं असेच पडून राहिले असणार. जिवंत माणसाची वर्दी घोकताना सापडणं त्यांना शरमेचं वाटलं असणार.

मी दार उघडलं नाही. शेवटपर्यंत ऐकलं. अंत्ययात्रा राहत्या घरून निघेल, तिथपर्यंत.

मागं वळले तर परसदाराची चौकट धरून आत्या उभी होती. कशी चालत आली तिची तिला माहीत. तिनंही ऐकलं होतं.

"म्हंजे त्याला ठाऊक हाय," ती म्हणाली.

"हो."

"गाडीला न्हाई. त्यालाच ठाऊक हाय."

"हो, आत्या."

ती चौकटीला धरूनच खाली बसली. पदर डोळ्यांना लावला नाही, काही नाही. व्हॅनकडं बघत राहिली. मग म्हणाली, "ती पेज हाय का गं अजून?"

"गार झालीय. दुसरी करते."

"गारच आण. त्याच्यामागं तुला कोण हाय? आणि त्याला तरी शेवटाला कोण करणार? तू जाशील कालिजात." पहिला घोट घेताना पेज हनुवटीवरून ओघळली. ती पुसून ती म्हणाली, "मीठ कमी हाय."

*

अण्णांनी मला स्वतः सांगितलं ते पुढच्या आठवड्यात. मी सगळं नव्यानं ऐकत असल्यासारखं ऐकलं. वायरबद्दल मी त्यांना कधीच बोलले नाही. हुसेनभाईंना तेवढं समजावलं, गाडीचं भूत गावात त्यांनीच उतरवलं. "त्या पोरीनं डबी धरली," असं ते अण्णांच्या माघारी सांगायचे. डबी मात्र मी काढली नाही. गाडी दुपारी घराच्या अंगणातच राहील एवढी काळजी घेतली. मी रजा काढून आजऱ्यालाच राहिले होते. ऐकायला आम्ही दोघीच असायचो. आत्या पेज ढवळत परसदारात, मी फणसाखाली. मजकुरात पुढं फारसा बदल झाला नाही.

चैत्रात, काजू उतरत असताना, ते गेले.

निरोप घेऊन कुणाच्या दारात जायचं हा प्रश्न गावाला पडला. हुसेनभाई गाडी चालवायला बसले. मी मागं, सतरंजीवर. माइकवर नखानं दोनदा टुकटुक केलं, तेव्हा गल्लीतल्या बायका नेहमीसारख्या दारात आल्या. मी सगळा मजकूर म्हटला, एकही शब्द न बदलता. "नलूचे वडील" असं म्हटलं तेव्हा पुढं हुसेनभाईंनी गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. इतका नेमका मजकूर कुणी लिहून दिला, असं नंतर लोकांनी विचारलं. मी सांगितलं, अण्णांनीच.

सगळं आटोपून, नदीवरून येऊन, आंघोळी झाल्या. उन्हं कलली होती. गाडी फणसाखाली होती. मी चावी काढली, माइक सतरंजीवर ठेवला, सगळी दारं लावली आणि परसदाराच्या पायरीवर आत्याशेजारी येऊन बसले. उद्या डबी काढायची, असं मी म्हणत होते.

थोड्या वेळानं टक् झालं. घुंऽऽ सुरू झालं.

उन्हात तापलेला पत्रा गार होताना वाजतो. धातू आकसतो, हे मी दर वर्षी वर्गात शिकवते.

टुकटुक.

आत्यानं माझा हात धरला. गाडी चार पावलांवर होती. दार उघडायला आमच्यापैकी कुणीच उठलं नाही.